फुकट दिले तरी कुणी घेईना: एएमडी आणि इंटेलचं प्रकरण

सोलापुरात मॅनेजमेंटच्या वर्गाला स्पर्धा शिकवायची तर उदाहरणं शोधत लांब जावं लागत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने भिंतीला भिंत लावून उभे आहेत, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्यातल्याच कुठल्या तरी कारखान्यातनं आलेली असतात. तरीही दरवर्षी पहिलं प्रकरण मी कॅलिफोर्नियातलं घेतो. त्यात एक प्रसंग असा आहे, की तो सांगितल्यावर वर्ग हमखास म्हणतो, "सर, हे काय तरी चुकायलंय."

प्रसंग साधा आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत एएमडी या प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, बनवणाऱ्या कंपनीनं एका मोठ्या संगणक कंपनीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. उधार नाही, 'आधी वापरा, मग बघू' असंही नाही. शुद्ध फुकट. त्या कंपनीनं घेतले १ लाख ६० हजार, आणि उरलेल्यांना नको म्हणाली. ही माहिती युरोपीय आयोगानं २००९ साली एएमडीची मोठी प्रतिस्पर्धी इंटेल हिच्यावर दंड बसवताना स्वतः जाहीर केलेली आहे.

फुकटचा माल कोण नाकारतं? वर्गातलं पहिलं उत्तर ठरलेलं: माल खराब असणार. म्हणून आधी मालाकडं बघू.

इंटेल १९६८ ची, रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांची. एएमडी १ मे १९६९ ची, जेरी सँडर्स आणि त्यांच्या सात सहकाऱ्यांची. दोन्हीकडची मंडळी फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडलेली, त्यामुळं ही भाऊबंदकी म्हटली तरी चालेल. आयबीएमला आपल्या पीसीसाठी चिप एकाच पुरवठादाराकडून घ्यायची नव्हती. त्या आग्रहामुळं १९८२ मध्ये इंटेलनं एएमडीशी करार केला आणि एएमडी इंटेलच्याच नमुन्याच्या चिप बनवू लागली. पुढं ३८६ नावाची चिप आली तेव्हा इंटेलनं हात आखडता घेतला. भांडण लवादाकडं आणि कोर्टात गेलं. एएमडीनं स्वतःची ३८६ बाजारात आणेपर्यंत १९९१ उजाडलं. आकड्यावर ट्रेडमार्क मिळत नाही हे कळल्यावर इंटेलनं ५८६ हे नाव सोडलं आणि १९९३ मध्ये 'पेंटियम' आणला. त्याआधी १९९१ मध्येच 'इंटेल इनसाइड'चं स्टिकर आलं होतं. ते संगणकाच्या डब्यावर लावून जाहिरात करणाऱ्या कंपनीला जाहिरातीच्या खर्चात इंटेल हातभार लावी. डब्याच्या आत काय आहे हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. स्टिकर मात्र दिसतं. माझ्या मते इंटेलचा सगळ्यात मोठा शोध हाच.

पण १९९९ च्या अ‍ॅथलॉन या चिपपासून एएमडी नक्कल करणारी राहिली नाही. मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा तिनं इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. २००३ मध्ये तर डावच उलटला. एका वेळी ६४ बिट माहिती हाताळणाऱ्या चिपसाठी इंटेलनं इटेनियम नावाची वेगळीच वाट धरली होती, आणि तिच्यावर जुनी सॉफ्टवेअरं रडतखडत चालायची. एएमडीनं ऑप्टेरॉन या सर्व्हरच्या चिपमध्ये जुनीच भाषा वाढवून ६४ बिटची केली. जुनं चालत राहिलं, नवंही चालू लागलं. २००४ मध्ये इंटेललाच ती पद्धत उचलावी लागली. आजही इंटेलच्या मशीनवर लिनक्स टाकताना फाइलच्या नावात 'एएमडी६४' दिसतं. ज्याच्याशी भांडलो त्याचंच नाव दारावर लिहायची वेळ!

थोडक्यात, ज्या काळात फुकटची चिप नाकारली गेली त्या काळात माल चांगला होता. बऱ्याच कामांत तर तो समोरच्यापेक्षा सरस होता.

आता थोडं घरचं.

तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत मामांच्या दुकानात बसायचो. नवी पेठेत दहा बाय बाराचं दुकान, पुढं काउंटर, मागं उघडे डबे. ऑर्डर आली की पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल यायचं, सकाळी मी ते स्टँडवरनं सायकलला बांधून आणायचो. मामा पीसी असेंबल करायचे. बोर्ड, रॅम, एसएमपीएस, हार्डडिस्क, सगळं गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणं. तेवढ्याच पैशात एएमडी घेतला तर मशीन जास्त पळायचं, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. ते सांगायचेही. पण टॉवेलवाले एक शेठ यायचे, तेलुगू बोलणारे, हिशोबाला चोख. कारखान्यात जॅकार्डची डिझाइनं काढायला त्यांना मशीन हवं होतं. मामांनी दोन्ही कोटेशनं पुढं ठेवली, दोन-अडीच हजारांचा फरक. शेठनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही कागद नीट वाचले आणि म्हणाले, "अण्णा, इंटेलच घाला की ओ. ते दुसरं तापतंय म्हणतात."

'तापतंय.' सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. इथं या एका शब्दापुढं वेगाच्या चाचणीचा कुठलाच आकडा टिकत नाही.

या शब्दाला थोडा आधार होता. २००१ च्या सुमाराचा अ‍ॅथलॉन खरंच गरम चालायचा. इंटेलचा पेंटियम ४ तापला की स्वतःच वेग कमी करून जीव वाचवायचा. अ‍ॅथलॉनला तेव्हा ती सोय नव्हती, उष्णता ओढून घेणारा वरचा हीटसिंक निघाला तर चिप जळायची. पण पुढच्या चार वर्षांत चित्र पालटलं. पेंटियम ४ चा वेग वाढवता वाढवता इंटेलचीच चिप विजेची खादाड आणि तापट झाली, आणि अ‍ॅथलॉन ६४ त्या मानानं थंड राहिला. सिलिकॉन बदललं, नाव काही बदललं नाही. त्याच उन्हाळ्यात मामांकडं एक एएमडीचं मशीन परत आलं. दुपारी दोन वाजता बंद पडायचं. डबा उघडला तर पंख्याच्या पात्यांवर सुताची लव अशी बसलेली, की बोटानं सोलली तर टोपीसारखी अख्खी निघाली. कारखान्यात लूमशेजारी ठेवलेलं मशीन, दुसरं काय होणार? ब्रशनं साफ केलं, नवी पेस्ट लावली, चालू झालं. चिपचा काही दोष नव्हता. तरी गिऱ्हाइकानं बाहेर जाऊन काय सांगितलं असेल ते सांगायला नको. तशीच लव इंटेलच्या मशीनमध्ये बसली, की लोक म्हणायचे, "साफ करून घ्यायला पाहिजे."

मोठ्याची चूक ही चूक असते, लहान्याची चूक हा स्वभाव ठरतो. तरीही हे भांडवल इंटेलला आयतं मिळालेलं होतं. मोठ्या संगणक कंपन्या काही 'तापतंय म्हणतात' ऐकून खरेदी करत नव्हत्या, त्यांच्याकडं स्वतःच्या प्रयोगशाळा होत्या. मग त्यांनी फुकटचा माल का सोडला?

इथं मी खडू हातात घेतो.

आयोगाच्या म्हणण्यानुसार इंटेल मोठ्या कंपन्यांना जी सूट देई तिला अट होती. एका कंपनीनं कार्यालयीन डेस्कटॉपसाठी किमान ९५ टक्के चिप इंटेलच्याच घ्यायच्या, दुसरीनं किमान ८० टक्के, असा प्रकार. मी तेच टॉवेलमध्ये मांडतो. एका दुकानाला महिन्याला १०० टॉवेल लागतात. मोठ्या कारखान्याचा भाव १०० रुपये नग. त्याची स्कीम अशी: १०० पैकी ९५ माझ्याकडनं घेतलेस तर सगळ्या मालावर १० टक्के सूट. म्हणजे सगळे त्याच्याकडनं घेतले तर बिल ९,००० रुपये.

आता लहान कारखानदार येतो. त्याचा टॉवेल तितकाच चांगला आहे, पण त्याच्याकडं लूम कमी, महिन्याला दहाच टॉवेल देऊ शकतो. दुकानदारानं ते दहा घेतले तर मोठ्याकडचे ९० उरतात. ९५ ची अट मोडली, सूट गेली. त्या ९० टॉवेलांचं पुऱ्या भावानं बिल झालं ९,००० रुपये.

फळ्यावर दोन्हीकडं ९,००० आले की मी गप्प उभा राहतो.

मागच्या वर्षी एक मुलगी आधी पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली, "सर, म्हणजे त्यानं दहा टॉवेल फुकट दिले तर दुकानदार फक्त बरोबरीत येतो?" होय. एक रुपया लावला तरी दुकानदार तोट्यात. शिवाय मोठा कारखानदार नाराज, तो धोका वेगळाच. लहान्यानं ३० टॉवेल दिले असते तर गणित हलकं झालं असतं: ७० चे ७,००० झाले, उरलेल्या २,००० मध्ये ३० टॉवेल, म्हणजे नगाला साधारण ६६ रुपये ६७ पैसे. पण तीस द्यायला तीस विणावे लागतात. एएमडीचे प्रोसेसर त्या वेळी मुख्यतः जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका फॅबमधून, म्हणजे चिपच्या कारखान्यातून, निघत होते. सगळी गरज ती भागवू शकत नव्हती, आणि थोडी भागवायची तर फुकट देऊनही परवडत नव्हती. दहा लाखांतले आठ लाख चाळीस हजार नको म्हणणारी कंपनी वेडी नव्हती. तिला हिशोब येत होता.

मागच्या बाकावरचा टॉवेलवाल्याचा मुलगा हसत होता. विचारलं तर म्हणाला, "सर, आमच्यात याला टीओडी म्हणतात. टर्नओव्हर डिस्काउंट. मार्चला क्रेडिट नोट येते." मग जरा थांबून, "पप्पा पण देतात."

इथं वर्गात वाद पेटतो आणि मी तो पेटू देतो. टीओडी देणं गुन्हा आहे का? जास्त मालावर जास्त सूट हा तर धंद्याचा साधा नियम. इंटेलनं शेवटपर्यंत हेच म्हटलं: आम्ही स्वस्त दिलं, गिऱ्हाइकाचा फायदा झाला, यात वाईट काय? माझं मत असं की 'जास्त घे, स्वस्त घे' आणि 'दुसऱ्याकडनं घेऊ नकोस' यांत फरक आहे, आणि ९५ टक्क्यांची अट दुसऱ्या बाजूला पडते. टॉवेलवाल्याच्या मुलाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, सूट कुणी जबरदस्तीनं घ्यायला लावत नाही. हा मुद्दाही हलका नाही. युरोपातल्या न्यायाधीशांना त्यावर पंधरा वर्षं लागली.

ती पंधरा वर्षं भराभर सांगतो. जपानच्या स्पर्धा आयोगानं २००५ मध्ये इंटेलवर ठपका ठेवला. जून २००५ मध्ये एएमडीनं अमेरिकेत डेलावेअरच्या कोर्टात दावा लावला. मे २००९ मध्ये युरोपीय आयोगानं १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटेलनं एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. युरोपातला खटला मात्र चालतच राहिला. २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयानं सूटीबद्दलचा भाग आणि त्यासोबत दंड रद्द केला. कारण? लहान पण तितकाच कार्यक्षम प्रतिस्पर्धी टिकू शकला असता का, हा जो हिशोब मी टॉवेल घेऊन मांडतो, तोच मांडताना आयोगाच्या चुका झाल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये वरच्या न्यायालयानंही तेच कायम केलं. तेव्हा माझ्या फळ्यावरच्या ९,००० वरून कुणी इंटेलला फाशी देऊ नये. खऱ्या बाजारात वाटे इतके स्वच्छ नसतात. एक भाग मात्र टिकला. एएमडीची चिप असलेली मॉडेलं लांबवावीत किंवा बंद ठेवावीत म्हणून संगणक कंपन्यांना थेट पैसे दिल्याचा. त्यासाठी आयोगानं २०२३ मध्ये सुमारे ३७.६ कोटी युरोंचा दंड नव्यानं लावला.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तडजोडीचे पैसे आले २००९ मध्ये. एएमडीची चिप सरस होती ते दिवस २००६ च्या जुलैतच संपले होते. त्या महिन्यात इंटेलनं कोअर २ हा नवा प्रोसेसर आणला आणि मामांच्या दुकानातही एएमडीची बाजू घेणं अवघड झालं.

सगळं खापर इंटेलवर फोडणारी उत्तरं परीक्षेत दरवर्षी येतात. त्यांना मी निम्मे गुण देतो. एएमडीनं स्वतःच्या पायावर घातलेले धोंडे काही कमी नव्हते. २००६ मध्ये तिनं ५४० कोटी डॉलरना एटीआय ही ग्राफिक्स कंपनी घेतली आणि कर्जात बुडाली. २००७ ची सर्व्हरची चिप उशिरा आली, आली ती दोष घेऊन. २०११ चा बुलडोझर नावाचा प्रोसेसर तर नावापुरताच. सँडर्स यांच्या नावावर एक वाक्य सांगतात, की खऱ्या मर्दाकडं स्वतःची फॅब असते. इथंही तसं बोलणारे म्हातारे आहेत: स्वतःचे लूम असतील तो कारखानदार, बाकीचे व्यापारी. २००९ मध्ये एएमडीनं ते अभिमानाचं लूमच सोडलं. फॅब वेगळ्या कंपनीत काढल्या, अबूधाबीचा पैसा त्यात आला, तीच ग्लोबलफाउंड्रीज. २०१३ मध्ये ऑस्टिनचा कॅम्पस विकला आणि त्याच इमारतींत भाडेकरू म्हणून राहिली. २०१५ मध्ये शेअर दोन डॉलरच्या खाली होता. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही खेळयंत्रांतली चिप एएमडीची होती, त्यातून कशीबशी चूल पेटत राहिली. आणि ती चिप जमली ती एटीआयमुळं. ज्या खरेदीनं बुडवलं तिनंच तरंगत ठेवलं, हे उत्तरपत्रिकेत कुणी लिहिलं की मी खूश होतो.

लिसा सू ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमुख झाल्या. चिपची रचना करणारे जिम केलर २०१२ मध्येच एएमडीत परत आले होते आणि झेन नावाच्या नव्या रचनेवर काम चालू होतं. मार्च २०१७ मध्ये तिच्यावरचा रायझेन हा प्रोसेसर आला. आठ कोअरची, म्हणजे आत काम करणारे आठ भाग असलेली, वरची चिप ४९९ डॉलरना, तेव्हा इंटेलची आठ कोअरची हजाराच्या वर होती. इथवर कुठल्याही मासिकात मिळेल. वर्गाला मी त्यापुढचं दाखवतो, कारण ते सोलापूरकराला पटकन कळतं.

चिप सिलिकॉनच्या गोल चकतीवर शेकड्यांनी छापतात. चकतीवर कुठं ना कुठं बारीक दोष पडणारच. चिप जेवढी मोठी, तेवढा तिच्यात दोष सापडण्याचा संभव जास्त. आता ताग्याचा विचार करा. एका मोठ्या पन्ह्याच्या कापडात पाच ठिकाणी तार तुटलेली आहे. त्याच्या आठच चादरी काढायच्या असतील तर पाच चादरी सेकंडला गेल्या. त्याच कापडाचे ऐंशी नॅपकिन काढले तर पाच नॅपकिन गेले, पंचाहत्तर चोख. एएमडीनं चादर विणायचं सोडून नॅपकिन जोडून चादर करायचं ठरवलं. २०१७ चा सर्व्हर प्रोसेसर एपिक असाच चार तुकड्यांचा होता. २०१९ मध्ये आणखी पुढं: आठ-आठ कोअरचे छोटे तुकडे, प्रत्येक सुमारे ७४ चौरस मिलिमीटरचा, दुसऱ्यांना चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडून ७ नॅनोमीटरवर (हा आकडा जितका लहान, तितकं विणकाम बारीक) बनवून घेतलेला. या सगळ्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा मधला मोठा तुकडा मात्र ग्लोबलफाउंड्रीजच्या जुन्या, स्वस्त तंत्रावर. असे आठ तुकडे जोडले की ६४ कोअर. आणि तोच छोटा तुकडा रायझेनमध्येही. एकच नॅपकिन, मालकाच्या घरातही आणि लॉजवरही.

यात शिवण दिसते, हेही खरं. एका तुकड्यातून दुसऱ्यात माहिती जाताना वेळ जातो, वीज खर्च होते. इंटेलनं सुरुवातीला त्याची थट्टा केली, चिप 'चिकटवलेल्या' आहेत म्हणून. पुढं स्वतःही तुकडे जोडू लागली.

आणि जॉबवर्क. एएमडीकडं स्वतःचं लूम राहिलं नव्हतं म्हणूनच ती सगळ्यात चांगल्या लूमवाल्याच्या दारात जाऊन उभी राहू शकली. इंटेल स्वतःच्या लूमला बांधलेली. तिचं १० नॅनोमीटरचं तंत्र वर्षानुवर्षं लांबत गेलं आणि २०१४ च्या १४ नॅनोमीटरवरच काम चालू राहिलं. २०१८ मध्ये तर तिचा पुरवठाच अपुरा पडला. त्या दिवाळीनंतर मामांनी मला फोन करून सांगितलं, "अरे, इंटेलचा लहान प्रोसेसर मिळंना झालाय, रेट रोज वेगळा. पोरं आपण होऊन रायझेन मागायलेत." त्यांच्या आवाजात पंधरा वर्षं उशिरा का होईना, बरोबर ठरल्याचा आनंद होता.

पुन्हा ते टॉवेलचं गणित बघा. जो दहाच देऊ शकतो त्याला फुकट देऊनही परवडत नाही. तैवानच्या लूमवर विणून घेणारा तीस देऊ शकतो, चाळीस देऊ शकतो. शिवाय या वेळी गिऱ्हाइकं वेगळी होती. क्लाउड चालवणाऱ्या कंपन्या हजारांनी सर्व्हर घेतात आणि वीजबिल स्वतः भरतात. त्यांना स्टिकरची पडलेली नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारमूल्यात एएमडी पहिल्यांदा इंटेलच्या पुढं गेली.

प्रकरण मी इथं संपवायचो. यंदा संपलं नाही.

आता एएमडीच्या समोर इंटेलपेक्षा मोठा गडी आहे, एनव्हिडिया. एआयच्या चिपमध्ये तिचा दबदबा सूटीवर उभा नाही. २००७ पासून लोक तिच्या कूडा या सॉफ्टवेअरवर काम करत आलेत, आणि शिकलेला हात बदलायला कारागीर तयार नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एएमडीनं चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार केला: टप्प्याटप्प्यानं सहा गिगावॉट वीज लागेल इतक्या क्षमतेच्या चिप पुरवायच्या. आणि सोबत ओपनएआयला एएमडीचे १६ कोटी शेअर, एक सेंट दरानं घ्यायचा हक्क. सगळे एकदम नाही. खरेदी जसजशी वाढेल आणि एएमडीचा भाव ठरलेल्या पायऱ्या चढेल, तसतसे.

हे सांगून मी फळा पुसायला वळलो. मागच्या बाकावरनं आवाज आला, "सर, माल जास्त उचलला की शेअर जास्त. हा टीओडीच झाला की ओ?"

मी डस्टर खाली ठेवलं. तास संपायला सात मिनिटं होती, आणि फळ्यावरचे ९,००० अजून पुसले नव्हते.